लेथची सवय असेल तर जायरोट्रॉनकडे या

उद्यमबागेत ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी लेथवर उभं असतं, अशा बेळगावच्या मुलामुलींसाठी हे मुद्दाम लिहितोय. मिलिमीटर लहरींच्या (काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी तयार करणाऱ्या) हाय-पॉवर व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे नुसतं भौतिकशास्त्र, असं आपल्याकडे समजतात. निम्मं काम तांबं कातण्याचं, जोडण्याचं आणि व्हॅक्यूम टिकवण्याचं आहे.

जायरोट्रॉनच घ्या, ही अशीच एक ट्यूब. टोकामॅकमधला (चुंबकीय क्षेत्राने बांधून ठेवणाऱ्या फ्यूजन यंत्रातला) प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, तापवायला तो लागतो. फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पासाठीचा एक जायरोट्रॉन 170 गिगाहर्ट्झला 1 मेगावॉट देतो. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत कॅव्हिटीत (ट्यूबमधल्या तांब्याच्या पोकळीत) शिरतात आणि गिरकीतली ऊर्जा लहरीला देतात. हिशेब वहीत मांडा. 1 टेस्लाला 28 गिगाहर्ट्झ, म्हणजे 42 गिगाहर्ट्झची ट्यूब धरली तर दीड टेस्ला. पण 65 किलोव्होल्टने वेग दिला की सापेक्षतेमुळे इलेक्ट्रॉन सुमारे 13 टक्के जड होतो, म्हणून क्षेत्र 1.7 टेस्लाच्या आसपास ठेवावं लागतं. ही सापेक्षता नसती तर गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन एकत्र गोळाच झाले नसते आणि ट्यूब चाललीच नसती. सिम्युलेशन नंतर शिका, आधी हे पक्कं करा.

आता याच 42 गिगाहर्ट्झच्या ट्यूबची कॅव्हिटी. तिची त्रिज्या 12 मिलिमीटर धरा. कातताना 10 मायक्रॉन जास्त गेलं की फ्रीक्वेन्सी 35 मेगाहर्ट्झने खाली येते. मग ब्रेझिंग, म्हणजे भरणधातू वितळवून भाग जोडणं: तांबं आणि सिरॅमिक तापल्यावर सारखं फुगत नाही, म्हणून मध्ये कोवार हा कमी फुगणारा मिश्रधातू घालतात. शेवटी पंपावर लावून ट्यूब दिवसचे दिवस तापवायची, म्हणजे धातूत मुरलेला वायू निघतो. आतल्या भागाला उघडं बोट लावायचं नाही. त्या ठशातला तेलकटपणाही व्हॅक्यूम बिघडवतो. मला या सगळ्यात हाच टप्पा सर्वांत जास्त आवडतो.

बीई इलेक्ट्रॉनिक्स किंवा एमएस्सी फिजिक्स, दोन्ही चालतं. पिलानीची सीरी (इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्था), बनारसची आयआयटी, गांधीनगरचं आयपीआर (प्लाझ्मा संशोधन संस्था), बंगळूरचं एमटीआरडीसी (डीआरडीओचं मायक्रोवेव्ह ट्यूब केंद्र) यांच्या पीएचडी आणि जेआरएफच्या (संशोधन शिष्यवृत्तीच्या) जाहिराती बघत राहा. बंगळूरला आपल्याला एक फायदा आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेतून आलेल्यांनाही कन्नड येतं, आणि अनुभवी टेक्निशियनशी त्यांच्या भाषेत बोललात की ते आपलं कसब मोकळेपणाने दाखवतात.

खानापूर, निपाणीकडच्यांनी सुट्टीत एखाद्या टूलरूममध्ये महिनाभर काम करावं. मुलाखतीत कॅव्हिटीचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) विचारलाच, तर आधी तो कशाने मोजाल ते सांगा.