यकृताचा रिपोर्ट वाचताना: कोणता शब्द काय सांगतो

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातील आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मोबाइलवर आलेला रिपोर्ट माझ्यासमोर धरला. एसजीपीटीच्या पुढे ७८ हा आकडा ठळक छापला होता आणि त्यांचा प्रश्न एकच होता, "लिव्हर गेलं का गं माझं?" या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यात नसते. ते कुठे शोधावे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे असते.

'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणजेच एलएफटी हे नाव थोडे फसवे आहे, कारण या तपासणीतील सगळेच आकडे यकृताच्या कामाचे नसतात. काही आकडे पेशींना झालेली इजा दाखवतात, काही पित्ताच्या वाटेतला अडथळा दाखवतात आणि मोजकेच आकडे यकृत आपले काम किती करते आहे हे सांगतात. म्हणून प्रत्येक ओळ वाचताना ती या तिन्हींपैकी कशाबद्दल बोलते, हे आधी ठरवावे. प्रत्येक लॅबची सामान्य मर्यादा थोडी वेगळी असते, त्यामुळे आकड्याची तुलना त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेशी करावी.

इजेच्या ओळी दोन. एसजीपीटी आणि एएलटी ही एकाच द्रव्याची दोन नावे आहेत, तसेच एसजीओटी म्हणजेच एएसटी. ही विकरे (एन्झाइम) पेशींच्या आत असतात आणि पेशी दुखावल्या की रक्तात उतरतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतातून येते. एसजीओटी मात्र स्नायूंत आणि हृदयातही असते, त्यामुळे जबर व्यायामानंतरही ते वाढू शकते. फॅटी लिव्हरमध्ये हे आकडे बहुधा थोडेच वाढतात, तर विषाणूमुळे यकृताला अचानक सूज आली की हजाराच्या पुढे जाऊ शकतात. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक होऊन आक्रसलेल्या यकृतात हे आकडे अगदी सामान्यही दिसू शकतात. त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होणे बरोबर नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे दोन्ही एकत्र वाढले असतील, तर पित्ताच्या वाहण्यात काही अडते आहे का, हे डॉक्टर पाहतात. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येते आणि वाढत्या वयाच्या मुलांत ते एरवीही जास्तच असते.

आता बिलिरुबिन. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारे हे पिवळे द्रव्य यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. एकूण बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत असावे. ते अडीच-तीनच्या आसपास गेले की डोळे पिवळे दिसू लागतात. केवळ 'इनडायरेक्ट', म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेला भाग वाढला असेल, तर तांबड्या पेशी जास्त मोडत असतील किंवा उपवासात थोडे बिलिरुबिन वाढवणारा गिल्बर्ट हा निरुपद्रवी जन्मजात प्रकार असेल. 'डायरेक्ट', म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेले बिलिरुबिन वाढले, लघवी गडद झाली, शौच पांढुरके झाले आणि अंगाला खाज सुटली, तर अडथळ्याचा विचार आधी करावा लागतो. कावीळ हा आजार नसून लक्षण आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. आपल्याकडे आजही काविळीची माळ घातली जाते. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस 'ए'ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. पण पित्तनलिकेत खडा अडकला असेल, तर माळेवर घालवलेले ते दिवस फार महाग पडतात.

खरे काम सांगणारे आकडे म्हणजे अल्ब्युमिन आणि आयएनआर. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते आणि ते साधारण ३.५ ते ५ असावे. ते हळूहळू घटते, म्हणून यकृत अचानक ढासळले तर रक्त गोठण्याची क्षमता मोजणारा आयएनआर आधी बिघडतो. नेहमीच्या एलएफटीमध्ये आयएनआर बहुधा नसतो. तो हवा आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'हेपॅटोमेगली' म्हणजे यकृताचा आकार वाढलेला. 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'मधील ग्रेड यकृत पडद्यावर किती उजळ दिसते यावरून ठरते. यकृत किती निबर झाले, हे त्यातून कळत नाही. तो निबरपणा, म्हणजे फायब्रोसिस, फायब्रोस्कॅनने किलोपास्कलमध्ये मोजतात. याच फॅटी लिव्हरच्या आजाराला २०२३ पासून 'मॅसल्ड' असे नवे नाव मिळाले आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळी नावे दिसली तर गोंधळू नये. 'कोर्स इकोटेक्स्चर', म्हणजे यकृताचा पोत खडबडीत दिसणे, हा शब्द आढळल्यास मात्र पोटाच्या किंवा यकृताच्या तज्ज्ञांची भेट लांबवू नये.

'एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह' म्हणजे हेपॅटायटिस 'बी'चा विषाणू शरीरात आहे. अशा वेळी घरातील इतरांचीही तपासणी आणि लसीकरण करून घ्यावे. 'अँटी एचसीव्ही रिअॅक्टिव्ह' म्हणजे 'सी'शी कधीतरी संबंध आला. तो विषाणू आजही आहे का, हे आरएनए तपासणीच सांगते आणि असल्यास औषधांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

काही गोष्टींसाठी रिपोर्ट वाचत बसू नये. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, किंवा काविळीच्या रुग्णाचे असंबद्ध बोलणे आणि दिवसभर झोपून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. पोटात पाणी साठून पोट फुगणे, म्हणजे जलोदर, यासाठीही दोन दिवसांहून जास्त थांबू नये.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करावी. त्यात काढे, चूर्णे आणि वजन कमी करण्याच्या पावडरीही लिहाव्यात. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. काकूंची यादी आम्ही दोघींनी मिळून दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिली. बीपीची आणि थायरॉइडची गोळी सांगून त्या थांबल्या आणि मग, "ते काही औषध नव्हे," असे म्हणत रोज सकाळी घेत असलेल्या गुळवेलीच्या गोळ्यांचे नाव त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आणि तोवर बंद ठेवायची म्हणून त्याच ओळीवर रेघ मारली.