वाळूत पिकअप रुतत असेल तर
जैसलमेरला सम गावाजवळच्या वाळूत पिकअप घातला की मागची चाकं जागेवरच फिरतात, मागे हौदा रिकामा ना, आणि लोक अजून रेस देऊन गाडी खोल घालतात.

वाळूत शिरायच्या आधीच टायरची हवा ३२-३५ वरून १८ पीएसआयवर आणा. एका टायरला किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजायचं नि त्याच्या जोडीच्या टायरला तेवढाच वेळ, दर वेळी गेज लावत बसायला नको (पुढच्या-मागच्याचा वेगळा मोजा). पाण्याचे कॅन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर बांधा.

१५ च्या खाली नको, वळताना टायर रिममधून निघू शकतो. डांबरीवर आल्याआल्या हवा भरा, १२ व्होल्टचा पंप पाहिजेच, मी विसरलो होतो, एका ट्रकवाल्याने वाचवलं.