गार्डिनर एक्स्प्रेसवेलगतचा नवा कॉन्डो घेताना काय तपासावे

टोरोंटोतील गार्डिनर एक्स्प्रेसवे १९५५ ते १९६६ या काळात टप्प्याटप्प्याने बांधला गेला. डफरिन स्ट्रीटच्या पूर्वेकडे तो खांबांवर उचललेला आहे, आणि नेमक्या याच पट्ट्यात त्याला खेटून कॉन्डोचे, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटचे, काचेचे उंच टॉवर उभे राहिले आहेत. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ पाण्याबरोबर सांध्यांतून झिरपते, आतील सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे तुकडे सुटतात. २०१२ मध्ये असे तुकडे खाली पडल्यामुळे बराच गदारोळ झाला होता.

सर्वप्रथम मजला आणि दिशा ठरवावी. पुलाच्या पातळीखालच्या घराला कठड्याची थोडी आड मिळते, पण उजेड कमी येतो. पातळीच्या किंचित वरच्या घरांना सर्वाधिक त्रास होतो, आणि त्याहून वर गेल्यास आवाज अपेक्षेइतका घटत नाही. म्हणून वरच्या मजल्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा शयनगृह पुलाच्या विरुद्ध बाजूला असलेला आराखडा निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

इमारत अजून बांधायची असेल, तर शेजारच्या टॉवरमध्ये तेवढ्याच उंचीवरचे भाड्याचे किंवा विक्रीचे घर पाहावे. संध्याकाळी पाचला जाऊ नये, कारण कोंडीत अडकलेल्या गाड्या फारसा आवाज करत नाहीत. वाहतूक मोकळी झाल्यावर, रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे, टायरांचा घोष आणि सांध्यावरून ट्रक गेल्यावर होणारा ‘धडाड-धड’ असा दुहेरी ठोका खरा कळतो. देखभालीसाठी किंवा सायकल फेरीसाठी रस्ता बंद असलेला शनिवार-रविवारही टाळावा. खिडकी आधी बंद ठेवून आणि मग उघडून ऐकावे, आणि बाल्कनीच्या कठड्यावरून पांढरा टिश्यू पेपर फिरवून किती काजळी येते ते पाहावे.

त्यानंतर कागदपत्रे. विकासकाकडून थेट घेतलेल्या नव्या कॉन्डोचा करार ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, दहा दिवसांत विनाकारणही रद्द करता येतो. हे दिवस पडदे निवडण्यात न घालवता करार वकिलाकडून वाचून घ्यावा. त्यात रहदारीच्या आवाजाविषयी इशारावजा कलम असते. ‘उपाययोजना करूनही आवाज जाणवू शकेल’ अशा अर्थाच्या त्या वाक्यावर सही केल्यानंतर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. घर पुनर्विक्रीचे असेल तर स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे इमारतीची आर्थिक व कायदेशीर स्थिती सांगणारा दाखला, मागवावे, आणि रिझर्व्ह फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत, खिडक्यांच्या दुरुस्तीसाठी काय तरतूद आहे ते पाहावे.

‘हा पूल लवकरच पाडणार आहेत’ असे विक्री प्रतिनिधी सांगू लागला, तर त्या भरवशावर किंमत वाढवू नये. डॉन नदीच्या पूर्वेकडचा एक तुकडा या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला हे खरे. परंतु शहर आणि प्रांत यांच्या नोव्हेंबर २०२३ च्या करारात गार्डिनर प्रांतिक सरकारने ताब्यात घेण्याचे ठरले, आणि २०२४ मध्ये डफरिन स्ट्रीट ते स्ट्रॅचन अव्हेन्यू या टप्प्याची मोठी दुरुस्ती सुरू झाली, जी वेळ वाचवण्यासाठी रात्रीही चालवली गेली. एवढा खर्च पाडण्यासाठी कोणी करत नाही. तेव्हा आपल्या इमारतीसमोरच्या टप्प्याचे काम कधी व्हायचे आहे, आणि ते रात्रपाळीत चालेल का, हे सही करण्यापूर्वी वॉर्डाच्या नगरसेवकाच्या कार्यालयात लेखी विचारावे.