जुन्या तळ्यात पुन्हा मासे सोडताना

परसातील जुने मातीचे तळे एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण उपसावे, तळाला बोट जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत वाळू द्यावे आणि काढलेला काळा गाळ झाडांना घालावा. चिखलात दडलेली मरळ एकही राहू देऊ नये, कारण ती पिल्ले फस्त करते. नंतर गुंठ्याला सुमारे २ किलो चुना पसरावा. तळे भरल्यावर गुंठ्याला ५० बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) पुरेशी आहेत. अधिक सोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कटला वरच्या, रोहू मधल्या आणि मृगळ तळाच्या थरात चरत असल्याने तिन्ही एकत्र वाढतात. पिल्लांची आणलेली पिशवी थेट तळ्यात ओतू नये. ती बंदच १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पोहू द्यावे.