एक प्रथिन, तीन औषधं: बायोकेमिस्ट्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी

बायोकेमिस्ट्रीत नव्याने येणारे विद्यार्थी भेटले की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: सध्या कुठल्या विषयाला मागणी आहे? जनुक-संपादन घ्यावं, एमआरएनए घ्यावं, की प्रथिनांच्या रचनेचं संगणकावरचं काम? प्रश्न रास्त आहे, कारण पुढची कित्येक वर्षं त्या उत्तरावर बेतलेली असतात. तरी मी त्यांना तंत्र बाजूला ठेवून आधी एक प्रथिन निवडायला सांगते. ज्याच्यामुळे होणारा आजार माहीत आहे आणि ज्यावर औषध निघालेलं आहे, असं प्रथिन. मग त्या औषधापासून उलटं चालत मागे यायचं: रुग्णांवरच्या चाचण्या, त्याआधीचे प्राण्यांवरचे प्रयोग, त्याआधीचं परीक्षानळीतलं काम, आणि अगदी मुळाशी असलेला, औषधाशी कसलाही संबंध नसलेला एखादा प्रश्न.

मी हे ज्या प्रथिनावर केलं त्याचं नाव ट्रान्सथायरेटिन, थोडक्यात टीटीआर. माझ्या प्रबंधाचा तो विषय नव्हता. जर्नल क्लबमध्ये एक पेपर वाट्याला आला आणि त्याच्या मागे मागे जात राहिले, इतकंच. पण चयापचयाचे तक्ते पाठ करून जे उमगलं नव्हतं, ते या एका प्रथिनाने उलगडून दाखवलं.

टीटीआर मुख्यतः यकृतात तयार होतं आणि रक्तातून थायरॉक्सिन व अ जीवनसत्त्व वाहून नेण्याच्या कामात असतं. त्याचे चार सारखे घटक एकमेकांना बिलगून एक चौकडी बनते. काही लोकांमध्ये ही चौकडी सुटते, सुटे घटक अर्धवट उलगडतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे अमायलॉइड तंतू होतात. हे तंतू मज्जातंतूंत साठले तर हातापायांच्या संवेदना जातात, हृदयात साठले तर हृदय ताठर होतं. जनुकातल्या शंभराहून अधिक बदलांमुळे हे होऊ शकतं. त्यातला सर्वांत अभ्यासलेला बदल म्हणजे प्रथिनाच्या साखळीत ३० व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येणं. उतारवयात तर जनुकात काहीही दोष नसताना साधं टीटीआरसुद्धा हृदयात साठू शकतं.

इथे बायोकेमिस्टचा प्रश्न असा असतो: या साखळीतली सर्वांत सावकाश पायरी कुठली? रसायनशास्त्रज्ञ जेफ्री केली यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं याच प्रश्नावर काम केलं आणि दाखवलं की चौकडी सुटणं हीच ती पायरी आहे. एकदा घटक सुटले की पुढचं सगळं भराभर होतं. याला आधार मिळाला तो माणसांकडूनच. पोर्तुगालमधल्या काही कुटुंबांत असे लोक आढळले, ज्यांच्याकडे जनुकाच्या एका प्रतीत ३० व्या जागचा घातक बदल होता आणि दुसऱ्या प्रतीत ११९ व्या जागी आणखी एक बदल होता. त्यांना आजार झाला नाही, किंवा झाला तो अगदी सौम्य. त्या दुसऱ्या बदलामुळे मिश्र चौकडी सुटायला फार वेळ लागतो. ऊर्जेच्या आलेखातली टेकडी, म्हणजे चौकडी सुटण्याआधी ओलांडायचा अडथळा, उंच झाली, म्हणून खाली घरंगळणं थांबलं. सक्रियण ऊर्जेचा तो आलेख आपण सगळेच पहिल्या वर्षी वहीत काढतो. एका माणसाचं चालणं-फिरणं त्या टेकडीच्या उंचीवर ठरतं, हे मला इथे कळलं.

मग तीच टेकडी औषधाने उंच करता येईल का? टीटीआरच्या चौकडीत थायरॉक्सिन बसायच्या दोन जागा असतात. रक्तात थायरॉक्सिनचा मुख्य वाहक दुसराच असल्यामुळे त्या बहुतांशी रिकाम्या राहतात. तिथे जाऊन बसणारा आणि चौकडी घट्ट धरून ठेवणारा लहान रेणू म्हणजे टाफामिडिस. मज्जातंतूंच्या आजारासाठी युरोपात त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाच्या आजारावरची मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली: ४४१ रुग्ण, ३० महिने. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २९.५ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ४२.९ टक्के. परीक्षानळीत मोजलेल्या एका वेगापासून सुरू झालेलं काम असं रुग्णाच्या आयुर्मानापर्यंत पोहोचलं.

दुसरी वाट अगदी वेगळी. प्रथिन सांभाळत बसण्याऐवजी ते तयारच कमी होऊ द्यायचं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवलं होतं की दुपदरी आरएनए दिला तर त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. त्यांना कुठलाही आजार बरा करायचा नव्हता. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, याच तत्त्वावरचं पहिलं औषध मान्य झालं. ते पॅटिसिरान, आणि त्याचं लक्ष्य टीटीआर. तिसरी वाट जनुकच कापण्याची. २०२१ मध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राची सामग्री थेट शिरेतून देऊन रुग्णाच्या यकृतातलं टीटीआरचं जनुक निकामी केल्याचा पहिला अहवाल आला. जास्त मात्रा मिळालेल्या रुग्णांत रक्तातलं टीटीआर सरासरी ८७ टक्क्यांनी उतरलं. पुढचा भागही नव्या माणसाने वाचायलाच हवा: त्यानंतरच्या मोठ्या चाचण्या २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने थांबवाव्या लागल्या. रक्तातला आकडा खाली येणं आणि औषध सुरक्षित असणं यांचा पुरावा वेगवेगळा गोळा करावा लागतो.

एकाच आजारावर रेणूंचा गतिशास्त्री, आरएनएचा रसायनतज्ज्ञ आणि जनुक-संपादक असे तिघं तीन ठिकाणी हात घालतात. आपला हात कुठे चालेल, हे असा एखादा माग काढताना आपोआप कळू लागतं. मला कळलं की माझं मन मोजण्यात रमतं, कापण्यात नाही.

या तीन औषधांतली शेवटची दोन यकृताचीच का आहेत, हा प्रश्न मी खूप उशिरा विचारला. तुम्ही लवकर विचारा. ही औषधं मेदाच्या सूक्ष्म कणांत, म्हणजे लिपिड नॅनोकणांत, भरून शिरेतून देतात. त्या कणांवर रक्तातलं अपोलायपोप्रोटीन-ई हे प्रथिन चढतं आणि यकृताच्या पेशी एलडीएल या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांना पकडणाऱ्या ग्राहीमार्फत (रिसेप्टरमार्फत) ते कण आत ओढून घेतात. दुसरी युक्ती म्हणजे आरएनएला गॅलनॅक नावाची शर्करा जोडणं. यकृतपेशींवर ती ओळखणारा ग्राही भरपूर असतो, त्यामुळे औषध कातडीखाली टोचूनही काम भागतं. मेंदूकडे, स्नायूंकडे, फुप्फुसाकडे इतकी सोपी वाट अजून नाही. सिकलसेलवरच्या २०२३ मध्ये मान्य झालेल्या क्रिस्पर उपचारात रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून संपादित कराव्या लागतात आणि परत सोडण्याआधी रुग्णाला कडक केमोथेरपी द्यावी लागते. २०२५ मध्ये एका तान्ह्या बाळासाठी खास तयार केलेल्या जनुक-संपादनाची बातमी आली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. तो दोषसुद्धा यकृतातल्या, अमोनियाचा निचरा करणाऱ्या एन्झाइमचाच होता. म्हणून माझं ठाम मत आहे की पुढच्या काळात ज्याला खरोखर उपयोगी पडायचं आहे, त्याने रेणू पोहोचवण्याच्या रसायनशास्त्राकडे बघावं. तिथे हुशार माणसं कमी पडताहेत.

जीएलपी-१ ची गोष्टही याच चालीने वाचण्यासारखी आहे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारं हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोनेक मिनिटं टिकतं, कारण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या सुरुवातीची दोन अमिनो आम्लं कापून टाकतं. या एका निरीक्षणातून दोन दिशांना औषधं निघाली. एका बाजूला ते एन्झाइमच अडवणाऱ्या गोळ्या, त्यातली पहिली सिटाग्लिप्टिन, २००६ ची. दुसऱ्या बाजूला संप्रेरकाची रचनाच बदलणं: सेमाग्लुटाइडमध्ये आठव्या जागी वेगळं अमिनो आम्ल बसवलंय, म्हणून कात्री चालत नाही, आणि मेदाम्लाची लांब शेपटी जोडलीय, म्हणून ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतं. अर्धायुष्य दोन मिनिटांवरून सुमारे आठवड्यावर गेलं. आठवड्यातून एकच इंजेक्शन का, याचं उत्तर त्या शेपटीत आहे.

आता लॅबमधल्या कामाबद्दल. औषधाच्या दिशेने जाणाऱ्या बहुतेक लॅबमध्ये सुरुवात चाळणीने होते, म्हणजे हजारो रेणूंतून एखाद्या एन्झाइमला अडवणारा शोधायचा. आमच्याकडे एका प्रोटिएजवर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमवर) असं काम चालू होतं आणि एक रेणू फार सुरेख आलेख देत होता. गाइडने एकच सांगितलं: बफरमध्ये (प्रयोगाच्या द्रावणात) ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून हेच परत करा. अवरोध पूर्ण नाहीसा झाला. पाण्यात नीट न विरघळणारे रेणू गोळा होऊन बारीक गुठळ्या करतात, एन्झाइम त्या गुठळ्यांवर चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं की औषध सापडलं. ब्रायन शॉयशेट यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला हे नीट दाखवून दिलं. डिटर्जंट त्या गुठळ्या फोडतो. तेव्हापासून अवरोधकाचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी बफरमध्ये काय काय होतं ते बघते.

दुसरी गोष्ट आयसी५० ची, म्हणजे एन्झाइमचं काम निम्मं करायला लागणाऱ्या अवरोधकाच्या मात्रेची. हा आकडा रेणूचा स्वभाव नसतो, त्या प्रयोगाचा असतो. सब्स्ट्रेटशी (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या रेणूशी) स्पर्धा करणाऱ्या अवरोधकाचा आयसी५० म्हणजे केआय गुणिले (एक अधिक सब्स्ट्रेटची मात्रा भागिले केएम). केआय म्हणजे अवरोधक एन्झाइमला किती घट्ट धरतो त्याचं माप, आणि केएम म्हणजे सब्स्ट्रेटच्या ज्या मात्रेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ती. समजा, एका कायनेजचा (एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूला जोडणाऱ्या एन्झाइमचा) एटीपीसाठीचा केएम १० मायक्रोमोलर आहे आणि परीक्षानळीत एटीपीही तितकंच घातलंय. आयसी५० केआयच्या दुप्पट येईल. पण पेशीत एटीपी असतं मिलिमोलर मात्रेत. ते २ मिलिमोलर धरलं तर आयसी५० केआयच्या २०१ पट होतो, म्हणजे परीक्षानळीतल्या आकड्याच्या सुमारे शंभर पट. नळीत जोरकस वाटलेला रेणू पेशीत थंड का पडला, याचं कोडं अनेकदा इतक्या साध्या गणितात सुटतं. हे गणित कागदावर स्वतः करा, सॉफ्टवेअरला देऊ नका.

संगणकाबद्दल तर विचारतातच. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने प्रथिनांच्या घडणीचं भाकीत करण्याच्या स्पर्धेत जे करून दाखवलं, ते मोठंच होतं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना आणि नव्या प्रथिनांच्या रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना मिळालं. आज २० कोटींहून अधिक भाकित रचना कुणालाही मोफत बघता येतात. हे नक्की शिका. मात्र टीटीआरकडे परत या: ३० व्या जागी बदल झालेल्या प्रथिनाची स्फटिकरचना आणि साध्या प्रथिनाची रचना जवळजवळ सारखीच दिसते. फरक आहे तो चौकडी किती लवकर सुटते यात, आणि स्थिर चित्रात वेळ दिसत नाही. शिवाय प्रत्येक भाकितासोबत खात्रीचे रंग येतात. पिवळ्या-नारिंगी, म्हणजे कमी खात्रीच्या, भागांवर औषधाची जागा शोधत बसू नका. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला, प्रथिनाच्या कण्यातल्या कोनांचा आलेख आजही रचना तपासायला वापरला जातो. तो एकदा हाताने काढून बघितलात तर संगणकाने दिलेल्या रचनेतला संशयास्पद भाग डोळ्यांना लगेच टोचेल.

पेपर वाचताना मी सारांश शेवटी वाचते. आधी आकृत्या, मग पद्धती, मग कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग). 'उपचाराची शक्यता' असे शब्द दिसले की तीन गोष्टी शोधायच्या: प्रयोग पेशींवर झालाय, प्राण्यांवर की माणसांवर, वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात गाठता येण्याजोगी आहे का, आणि मोजलं काय, रक्तातला एखादा निर्देशक की रुग्णाचं प्रत्यक्ष बरं-वाईट. उंदरातल्या निष्कर्षावर कुणी नातेवाईक आशेने फोन करतात तेव्हा याच तीन गोष्टी मी त्यांना शांतपणे समजावते. आजारी माणसाच्या घरी खोटी आशा पोहोचवणं मला कधीच पटलेलं नाही.

करिअर म्हणजे फक्त पीएचडी आणि प्राध्यापकी, हा समज सोडून द्या. अ‍ॅसे (मोजमापाच्या चाचण्या) तयार करणं, प्रथिनांचं शुद्धीकरण, मास स्पेक्ट्रोमेट्री, औषधांची गुणवत्ता तपासणी, रुग्णालयातली क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, चाचण्यांचा विदा सांभाळणं, मान्यतेसाठीची कागदपत्रं लिहिणं, या सगळ्यांना पक्का बायोकेमिस्ट लागतो. मला स्वतःला शुद्धीकरण आवडतं. रात्रभर डायलिसिसला (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकायला) ठेवलेलं प्रथिन सकाळी स्वच्छ राहिलेलं बघणं, जेलवर एकच ठसठशीत बँड उमटणं, याचं समाधान फार आहे.

लॅब निवडताना गाइडच्या नावाइतकंच तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. आधीच्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष पुढच्याला परत मिळाला का, ते विचारा. एखादी प्रयोगवही बघायला मागा, त्यात फसलेले प्रयोग तारखेसह लिहिलेले आहेत का ते बघा. उपकरणावर पाळी किती दिवसांनी येते, प्रथिन कोण बनवतं, संख्याशास्त्रासाठी कुणाकडे जायचं, हेही विचारून घ्या. गाइडला मात्र एकच विचारा: तुमच्या प्रथिनाच्या आजारात सर्वांत सावकाश पायरी कुठली? ज्या लॅबमध्ये यावर तासभर चर्चा रंगेल, तिथे अर्ज करा.