उणे 20 अंशांत बोटं बधिर व्हायची, त्यावरचा इलाज

स्प्लिटबोर्डवर (उभा दुभागून स्कीसारखा वापरता येणारा स्नोबोर्ड) चढताना पाय गरम, आणि माथ्यावर दोन्ही भाग जोडेपर्यंत बोटं बधिर. आधी जाड मोज्यांचे दोन जोड घालून पाहिले. उलट जास्त गारठलं. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि चेपलेल्या लोकरीत हवाच उरत नाही, मग ऊब राहणार कशात?

आता पायाला लागून पातळ लायनर मोजा, त्यावर साधी प्लास्टिकची पिशवी, वर एकच मध्यम जाडीचा मेरिनो लोकरीचा मोजा. घाम पिशवीतच अडतो. लायनर ओला होतो, पण मेरिनो आणि बुटाचं अस्तर कोरडं राहतं. पिशवीची घडी टाचेखाली आली तर फोड ठरलेला, म्हणून ती ताणून सपाट करायची. चढताना नाडी पावलावर सैल, उतरण्याआधी घट्ट. मुक्कामाला पोचल्याबरोबर पाय पुसून कोरडे मोजे. यात आळस नको.

चिकटवायचे वॉर्मर (आपोआप तापणाऱ्या पुड्या) घट्ट बुटात नीट तापत नाहीत, त्यांतल्या लोहभुकटीला ऑक्सिजन लागतो.

अंगाचंही तेच. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घाम. थांबलं की स्किन (चढताना घसरू नये म्हणून बोर्डाखाली लावलेल्या पट्ट्या) सोडवायच्या आधी डाउन म्हणजे पिसांचं जॅकेट शेलवरूनच, वाऱ्यापासून वाचवणाऱ्या बाहेरच्या जॅकेटवरूनच, चढवायचं. शेल काढून आत घालण्यात साठलेली ऊब जाते. रात्री बुटांची अस्तरं स्लीपिंग बॅगमध्ये, नाहीतर सकाळी गोठून लाकूड.

बोट पांढरं, मेणासारखं दिसलं तर चोळू नका. काखेत किंवा सोबत्याच्या पोटाला लावून ऊब द्या, आणि परत फिरा.