लांब काट्यांचा निवडुंग ओळखायचाय? रंगाला भुलू नका

वनस्पतिशास्त्र शिकायला ॲरिझोनात येणाऱ्या आपल्या मुलांना वाटतं, फड्या निवडुंग काय, गावाकडच्या बांधावर लहानपणापासून पाहिलाय. पाहिला असेल, पण आपल्याकडचे फड्या निवडुंग मुळात अमेरिका खंडातूनच आलेले. इथे त्यांचा सगळा गोतावळा राहतो आणि तो आपसांत सर्रास संकर करतो. सुरुवातीला डोकं भणभणणारच, माझंही भणभणायचं. त्यावरून स्वतःला कमी लेखू नका.

लांब काट्यांचा फड्या निवडुंग, म्हणजे ओपन्शिया मॅक्रोसेंट्रा, दक्षिण ॲरिझोना, न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास आणि सीमेपलीकडच्या उत्तर मेक्सिकोत मिळतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी १८५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. झुडूप कमरेच्या आतच राहतं, खोड असं नसतंच.

आता फसण्याची जागा. फोटोंत हा निवडुंग जांभळा दिसतो, म्हणून नवखा माणूस डोंगरउतारावर जांभळं काही दिसलं की नाव लिहून मोकळा होतो. हा जांभळा रंग बेटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा, आणि थंडी किंवा पाण्याचा ताण पडला की तो चढतो. जानेवारीत वांग्यासारखा दिसणारा फडा (निवडुंगाचा चपटा, पानासारखा भाग) पावसाळी सरींनंतर, ऑगस्टमध्ये, निळसर हिरवा झालेला असतो. झुडूप तेच! एकाच झुडपाचा उन्हातला फडा जांभळा आणि सावलीतला हिरवट, असंही दिसतं. त्यात सांता रिटा नावाचा दुसरा फड्या निवडुंगही जांभळाच, बऱ्याचदा याच्याहून गडद. रंगावरून झुडपाचे हाल कळतात, जात ठरत नाही. वहीत रंग जरूर लिहा, पण महिन्यासकट, आणि नाव ठरवताना तो बाजूला ठेवा.

मग बघायचं काय? काटे, आणि ते फड्यावर नेमके कुठे आहेत ते. गेल्या वर्षीचा पूर्ण वाढलेला फडा निवडा, कोवळ्या फड्याचे काटे अजून वाढायचे असतात. मॅक्रोसेंट्राचे लांब काटे वरच्या कडेला दाटतात आणि खालचा बराच भाग मोकळा राहतो. फड्यावर जिथून काटे फुटतात ते ठिपके असतात; अशा एका ठिपक्यातून एक, दोन, फार तर तीन काटे निघतात, काळे किंवा काळपट तांबडे, टोकाकडे बरेचदा फिकट. पट्टी लावा: सात ते दहा सेंटिमीटर सहज भरतात, कधी बाराच्याही वर जातात. सांता रिटाला काटे जवळजवळ नसतात. एंगेलमनाय या आणखी एका फड्या निवडुंगाचे काटे खडूसारखे पांढरे, चपटे आणि फडाभर पसरलेले.

एप्रिल-मे मध्ये फुलं आली तर काम आणखी सोपं होतं. मॅक्रोसेंट्राचं फूल पिवळं, आत तळाशी लाल. सांता रिटाचं पूर्ण पिवळं. मात्र फिअकँथा या इथल्याच दुसऱ्या जातीच्या फुलातही लाल तळ असतो, तेव्हा फुलावर विसंबून काटे मोजायचं टाळू नका. फुलाचा रंग जागेवरच लिहा, वाळलेल्या नमुन्यात तो उरत नाही.

फोनमधल्या ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष ते उघडू नका. त्याला फोटोतला रंग दिसतो, ठिपक्यातले काटे ते मोजत नाही. लगेच नाव सांगणारा मार्गदर्शकही मला पटत नाही. 'आधी काटे मोज, मग बोल' म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका, सुरुवातीला कितीही राग आला तरी.

लांब काटा दिसतो, त्यामुळे हात आपोआप जपला जातो. खरा त्रास ठिपक्यातल्या बारीक कुसळांचा. त्यांना उलटे दाते असतात, चोळलं की आणखी आत जातात. चिमटा खिशातच ठेवा. दगडाशी हात घालण्याआधी साप बघा, इथे रॅटलस्नेक आहेत. आणि ॲरिझोनात निवडुंगांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा परवानगीचा कागद नसेल तर खाली पडलेला फडासुद्धा उचलू नका. पट्टी शेजारी धरून वरच्या कडेचा, खालच्या भागाचा आणि पूर्ण झुडपाचा फोटो घ्या.